बाईंचे ठोके कमी पडतात

मुख्य कार्यालयात बसून परिपत्रकं काढणाऱ्यांनो, गुन्हा तुमचा आहे. आणि तो तुम्ही पूर्ण शुद्धीत, दुपारचं जेवण व्यवस्थित झाल्यावर केलेला आहे. शाखेत कोण किती काम करतं हे बघायचं होतं, तर खुर्चीतून उठायचं होतं, जिना उतरायचा होता आणि येऊन बघायचं होतं. तुम्ही काय केलंत? सगळ्या शाखांमधल्या कॉम्प्युटरांत एक प्रोग्रॅम घुसवलात. माणूस दिवसभरात की-बोर्डवर किती ठोके मारतो, ते मोजणारा. ज्याचे ठोके जास्त तो कामसू, ज्याचे कमी तो आळशी. संपला विषय. एवढी अक्कल पाजळल्यावर तुम्ही चहासुद्धा मागवला असेल.

आणि पहिल्याच महिन्यात सगळ्यात आळशी म्हणून तुम्ही कुणाला शोधून काढलंत? टाईपिस्ट बाईंना.

बाई या शाखेत लोखंडी मशीनच्या काळापासून आहेत. टायपिंगच्या क्लासमध्ये त्यांचे सर कळांवर फडकं टाकायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघून टाईप करायला लावायचे. मान खाली गेली की बोटांवर पट्टी. पुढं नोकरीत कार्बन लावून प्रती काढायच्या. एक अक्षर चुकलं की सगळे कागद टोपलीत आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. त्यामुळं चुकायचं नाही, ही गोष्ट बाईंच्या डोक्यापेक्षा त्यांच्या बोटांना जास्त पक्की कळलेली. मशीन भंगारात गेलं, कॉम्प्युटर आला. घणासारखा ठोका घालायची गरज उरली नाही, नुसतं कुरवाळलं तरी अक्षर उमटायला लागलं. बोटं मात्र तीच राहिली. खिडकीबाहेर बघत, कुणाशी तरी पोराबाळांच्या गप्पा मारत बाई पत्र टाईप करायच्या आणि पत्र संपलं की संपलं. पुन्हा वाचायचंही काम नाही. दिवसभराचं काम दुपारपर्यंत उरकायचं आणि मग हात मांडीवर ठेवून बसायचं, असा त्यांचा शिरस्ता.

शेजारच्या टेबलावर टोच्या. दोन हातांची दोन बोटं, कोंबडी दाणे टिपते तशी. अक्षर शोधायचं, टोचायचं, मान वर करून बघायचं, "च्यायला" म्हणायचं, खोडायचं आणि पुन्हा शोधायला लागायचं. त्याच्या की-बोर्डवर सगळ्यात गुळगुळीत झालेलं बटण म्हणजे खोडायचं बटण. एका ओळीच्या पत्रात हा माणूस पानभर ठोके मारायचा, आणि संध्याकाळी दमून घरी जायचा. सगळ्यात कामसू म्हणून पहिला नंबर आला टोच्याचा.

साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. साहेब तरुण. त्यांचा सगळा पत्रव्यवहार मोबाईलवर, दोन अंगठ्यांनी चालायचा.

"बाई, वरून फार प्रेशर आहे हो. पुढच्या महिन्यात तुमचे ठोके वाढले नाहीत, तर तुम्हाला जादा कर्मचारी ठरवून डोंगरापलीकडच्या शाखेत टाकणार आहेत."

डोंगरापलीकडची शाखा म्हणजे बाईंना बिऱ्हाड तिकडंच हलवायला लागणार. नवरा कायम फिरतीवर. आणि घरी सासूबाई, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना हलवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. शिवाय त्या फक्त सुनेच्या हातून जेवायच्या. दुपारी येऊन बसणाऱ्या शेजारणीनं घास पुढं केला तर तोंड मिटायच्या, आणि सुनेनं पुढं केला तर तोंड उघडून आधी भांडायच्या, मग खायच्या.

"साहेब, काम राहिलंय का माझं कुठलं?"

"काम कुठं राहिलंय? तेच तर! तुम्ही चुकत नाही ना, म्हणून ठोके कमी पडतात. थोड्या चुका वाढवा."

"चुका?"

"हो. टोच्या शिकवेल तुम्हाला. त्याला प्रशिक्षक नेमलाय मी."

दुसऱ्या दिवशी टोच्या खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसला. बिचारा लाजेनं अर्धा झालेला.

"बाई, रागवू नका. चुका आता."

"कुठं चुकू?"

"कुठंही. मनापासून चुका."

बाईंनी मन घट्ट केलं. डाव्या करंगळीला बजावलं की तू शेजारच्या बटणावर जा. करंगळी गेली ती नेहमीच्याच बटणावर. पुन्हा बजावलं, पुन्हा तेच. शेवटी बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घालून की-बोर्डकडे बघितलं आणि एकेक अक्षर ठरवून चुकवायला लागल्या. पण चूक ठरवण्यात इतका वेळ जायला लागला की आधीचे ठोकेही हातचे गेले.

"असं नाही हो बाई, चूक सहज झाली पाहिजे," टोच्या कळवळून म्हणाला. "विचार करून कुणी चुकतं का?"

"तुला जमतं रे बाबा. तुझा हात बसलाय."

"तसं नको मग. एखादं बटण दाबून धरा नुसतं."

तेही करून झालं. एकच बटण दाबून धरलं तर प्रोग्रॅम ते मोजत नव्हता. तेवढी अक्कल तुम्ही त्यात घातली होती. मग टोच्यानं नवा उपाय काढला. "काम संपलं की काहीही बडवत बसा. अर्थ नको त्याला."

बाई बडवायला बसल्या. नजर खिडकीबाहेर, बोटं की-बोर्डवर. आता अर्थ नसलेलं टाईप करायचं म्हणजे काय, हे त्या बोटांना कुणी शिकवलं होतं? त्यांनी आपलं "महोदय" पासून सुरुवात केली आणि झकास पत्र तयार केलं. आमच्या शाखेस सहा लोखंडी कपाटांची तातडीनं गरज आहे, तरी ती पाठवावीत. सवयीनं बोटांनी प्रिंटचंही बटण दाबलं. शिपायानं सवयीनं कागद साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी सवयीनं न वाचता सही ठोकली.

आठवड्याच्या आत कपाटं आली. दोन जिन्यात अडकली, दोन साहेबांच्या केबिनच्या दाराशी उभी राहिली आणि उरलेली दोन स्वच्छतागृहाच्या वाटेवर अशी बसली की जाताना पोट आत घ्यावं लागायचं. पोट आत न जाणाऱ्यांनी बाईंना काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"बाई, तुमचा सराव आता पुरे!" साहेब कपाट आणि चौकट यांच्यामधून अंग काढत ओरडले. "हा लॅपटॉप घ्या, तुमच्या नावावर जोडलाय. काय बडवायचं ते घरी बडवा. घरी प्रिंटर नाही ना? झालं तर मग!"

बाईंनी लॅपटॉप घरी नेला, सासूबाईंच्या पलंगावर उघडून ठेवला आणि सूप गरम करायला आत गेल्या. सूप जरा उशिरा गरम झालं.

"अगं, मेलीस का तिकडं?" सासूबाई ओरडल्या. उत्तर लवकर आलं नाही, म्हणून त्यांनी हाताशी जे काही होतं ते बडवायला सुरुवात केली. हाताशी लॅपटॉप होता. "भूक लागलीय मला! ऐकतेस का? भूक!" एकेका शब्दाला दोन्ही हातांचा एकेक तडाखा.

बाई वाटी घेऊन धावत आल्या. "अहो आई, फुटेल ना ते! ऑफिसचं आहे!"

बोलता बोलता त्यांची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या ठोक्यांच्या आकड्यावर गेली आणि वाटी हातात तशीच राहिली. बाईंचा अख्खा दिवस सासूबाईंनी एका भुकेत उरकला होता.

"आई," बाई हळूच म्हणाल्या, "पुन्हा एकदा ओरडा बघू माझ्यावर."

"का? ओरडू नको म्हणतेस ना रोज?"

"आज ओरडा. हात चालवत ओरडा."

सासूबाईंनी सुनेकडं संशयानं बघितलं. पण असली संधी कोण सोडतं? लग्नातल्या मानपानापासून त्यांनी सुरुवात केली आणि आजच्या सुपापर्यंत आल्या. एकही राग ठोक्याशिवाय गेला नाही. त्यांची बोटं कुठलंही बटण कुठंही मारायची, आणि प्रोग्रॅमला तेच तर हवं होतं.

"बरं वाटतं गं ह्याला मारलं की," त्या धापा टाकत म्हणाल्या. "उद्या पण ठेव इथं."

उद्या ठेवला, परवा ठेवला. बाई ऑफिसात बसून आपली पत्रं बिनचूक टाईप करायच्या, आणि घरी सासूबाई शेजारीण, डॉक्टर, गेलेली नणंद आणि न येणारा मुलगा यांना क्रमाक्रमानं बडवायच्या. सुट्टीच्या दिवशी तर जास्तच, कारण सून घरात समोर असायची. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी दंडाला हात लावला आणि विचारलं, "आजींना व्यायाम कोण देतं?"

महिना संपला. साहेब केबिनमधून कपाटाला अंग घासत बाहेर आले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"बाई! तुम्ही पहिल्या! आपल्या शाखेत नाही हो, सगळ्या शाखांत पहिल्या! एकाच वेळी दोन मशीनवर काम? आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा? वरचे लोक म्हणतायत, ही बाई आहे की काय आहे!"

"म्हणजे आता बदली नाही ना साहेब?"

"आहे ना! पण ती बदली नाही, बढती. थेट मुख्य कार्यालयात. असे हात आम्हाला इथंच पाहिजेत म्हणतायत. सोमवारी हजर व्हायचंय."

मुख्य कार्यालय डोंगरापलीकडच्या शाखेच्याही पलीकडं होतं.

टोच्या अभिनंदन करायला उठला होता. बाईंचा चेहरा बघून तो परत खाली बसला आणि घाईघाईनं काहीतरी खोडायला लागला.

बाई घरी आल्या, चप्पल न काढताच पलंगाच्या कडेला बसल्या आणि झालेलं सगळं सांगून टाकलं. एरवी मधेच तोंड घालणाऱ्या सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मग तू जाणार?"

"कशी जाऊ? आणि नाही गेले तर नोकरी जाईल."

"गेलीस तर मी भांडू कुणाशी?" सासूबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवली. "बरं, मला सांग, त्यांना नेमकं काय हवंय? पत्रं टाईप करायला माणूस हवाय?"

"छे, पत्रांचं कोण विचारतंय. ठोके हवेत."

"ठोके मारले कुणी?"

"तुम्ही."

"मग बोलावणं मला आहे. तू का मधे मधे करतेस?"

बाई बघतच राहिल्या.

"बघत काय बसलीस? उचल ते यंत्र आणि मी सांगते ते लिही. एक अक्षर बदललंस तर बघ."

बाईंनी लॅपटॉप मांडीवर घेतला. बोटं मधल्या ओळीवर टेकली, नजर सासूबाईंच्या चेहऱ्यावर. आणि महिनाभरात पहिल्यांदा बोटं सुटली ती अशी, की बोलणाऱ्या तोंडाच्याही अर्धं अक्षर पुढं.

"महोदय, तुम्हाला जे हात पाहिजेत ते माझे आहेत, माझ्या सुनेचे नाहीत. तिनं मारलेले ठोके तुम्हाला कमी पडले. मी ऐंशीच्या घरात आहे, टायपिंग येत नाही, चष्मा मोडलेला आहे, तरी तुमच्या हिशेबानं मी सगळ्यांत पहिली आले. मी नोकरीला तयार आहे. मला पलंगासकट न्यावं लागेल, उचलायला धडधाकट माणसं पाठवा. जेवण वेळेवर लागतं. भांडायला समोर रोज एक माणूस लागतो, तो तुमच्यातलाच मोठ्या हुद्द्याचा असावा. सूनबाई येणार नाही, तिला इथं पत्रं टाईप करायची असतात. हे सगळं मान्य नसेल, तर माझ्या सुनेला तिच्या खुर्चीवर राहू द्या आणि तसं लिहून पाठवा. माणसं पाठवताय की कागद पाठवताय? सोमवारच्या आत उत्तर द्या."