गार पडल्यावर काढायचं

"उष्णतेचं मला शिकवू नकोस!" असं मुक्ताबाईंनी सुनेला ठणकावलं, तेव्हाच खरं तर देव्हाऱ्यातल्या देवांनी कानांवर हात ठेवायला हवे होते.

दावा खोटा नव्हता. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांनी तीस वर्षं शंकररावांचा गार्डाचा पांढरा पोशाख कोळशाच्या इस्त्रीने कडक केला होता. इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकायचा आणि 'चुर्र' कसं होतं त्यावरून ताव ओळखायचा. तेव्हा गाड्या तासतास उशिरा यायच्या, पण विजारीची घडी कधी चुकली नाही.

शंकररावांना जाऊन वर्ष होत आलं होतं. उद्या वर्षश्राद्ध. स्टीलच्या वाट्या वाटण्याऐवजी मुक्ताबाईंनी त्यांचा फोटो छापलेल्या कापडी पिशव्या वाटायचं ठरवलं होतं. फोटोही हसरा! भावकीला शंकरराव म्हणजे कपाळावरची आठी, एवढीच ओळख. निदान गेल्यावर तरी लोकांनी त्यांना हसताना आठवावं, एवढी एकच इच्छा बाईंच्या मनात वर्षभर होती.

सून स्नेहल पुढच्या खोलीत हीट प्रेसवर टी-शर्ट छापायची. खाली गादी, वर तापणारी जाड पाटी आणि दाबायला दांडा. फोटोचा कागद पिशवीवर उलटा ठेवायचा, दाबायचा, गार पडला की सोलून काढायचा.

पहिली पिशवी फिक्कट निघाली. स्नेहलचा चेहरा पडला.

"आई, आबा अगदी गेल्यासारखे दिसतात."

"गेलेच आहेत ते! ताव कमी पडला. वाढव!"

आकडा दोनशेवीसवर गेला. दुसरी पिशवी करपून निघाली आणि शंकरराव हळदीसारखे पिवळे! मुक्ताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. शेवटच्या आठवड्यात, कावीळ डोळ्यांत उतरली तेव्हा ते असेच दिसत होते.

"मग दाबच कमी असणार," डोळे पुसून त्या म्हणाल्या आणि दाबाची चावी त्यांनी स्वतः गच्च पिळली. यंत्र कण्हलं. तिसऱ्या पिशवीवर डावा गाल ठसठशीत, उजवा गायब. अर्धांगवायू! हयातीत एकदाच आजारी पडलेला माणूस तासाभरात एकदा गेला आणि दोनदा आजारी पडला.

स्नेहलने घाबरून यंत्र विकणाऱ्याला फोन लावला. नेमके त्याच वेळी मुक्ताबाईंचे दीर भिमाजी भांडगावहून उद्याच्या जेवणासाठी वांग्यांचं पोतं घेऊन दारात आले. कानाने अधू, खोलीचं दार लोटलेलं. सुनेचं बोलणं तेवढं तुटक तुटक ऐकू आलं :

"आईंनी... प्रेशर लई वाढलं हो! टेम्परेचर दोनशेवर गेलं... व्हय, आत्ताच गार पडलं... मग काढायचं का लगेच? बरं, उशीर न्हाई करत!"

भिमाजींच्या हातून पोतं सुटलं. वांगी अंगणभर गडगडली. आत जाऊन वहिनीचं मढं बघायचं काळीज त्यांच्यात नव्हतं. कोपऱ्यावर जाऊन त्यांनी भावकीला फोन लावले, "वहिनी गार पडली! आजच काढायचीय. पोचा!"

इकडे मुक्ताबाईंनी पिशवीवरून हात फिरवला आणि कपाळावर मारून घेतला.

"अगं, पिशवीचे बंद पाटीखाली आलेत! एका पायाखाली वीट ठेवलेल्या बाजंसारखी पाटी एका अंगाला उचलली जातीय."

त्यांनी बंद गादीच्या बाहेर सोडले, पिशवीच्या पोटात दुहेरी पंचा घातला. दाब थोडा सैल केला, ताव एकशेऐंशीवर आणला. कागद गार पडला, सोलला, आणि शंकरराव हसले! लख्ख, दोन्ही गालांनी! सासू-सुनेने दुपारभर पिशव्या छापल्या.

चारच्या सुमाराला अंगणातून हंबरडा आला. मुक्ताबाई पिशव्यांची चळत घेऊन बाहेर आल्या, तर निम्मी भावकी उभी! कोणी पांढरं कापड आणलेलं, कोणी तुळशीमाळ. एक जण तर बांबू घेऊन आला होता. नणंद सुवर्णा छाती पिटत होती, ती हात वरच ठेवून थांबली.

"वहिनी, तुमी... गार पडला व्हता ना?" भिमाजी चाचरले.

"कागद गार पडला भाऊजी! मी न्हाई! कोन रं त्यो बांबूवाला? मापानं आणलाय का माझ्या?"

हसावं की रडावं कोणाला कळेना. रांजणगावच्या कंपनीतला पुतण्या रोहिदास पुटपुटला, "काकू, मयताची रजा टाकून आलोय. उद्या परत कोन सोडतंय?" बाकीच्यांनीही माना हलवल्या. उद्या येणार कोण? मुक्ताबाईंनी तिथेच पिशव्या वाटायला घेतल्या.

सुवर्णाने पिशवी उलगडली आणि बघतच राहिली. हळूहळू सगळेच बघायला लागले. 

"वहिनी," सुवर्णाने फोटोवरून बोट फिरवलं, "दादा असा हसायचा व्हय? आमी कवा बघितलंच न्हाई गं."

मुक्ताबाईंना नुसती मान हलवता आली असती. वर्षभराची इच्छा फळली असती. पण तेवढ्या माणसांसमोर, तेही श्राद्धाच्या आदल्या दिवशी, खोटं कसं बोलायचं?

"हसलं न्हाईत गं," त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या. "नवी कवळी बसवली तवाचा फोटो हाय. डॉक्टर म्हनलं, दात दाखवा."