नगरभवनातील मूळ गळती

नगरभवनाच्या पहिल्या मजल्यावरील आवक विभागात हेडक्लार्कच्या टेबलावर छतातून पाणी गळत असे, ही बाब सर्व संबंधितांच्या निदर्शनास आलेली होती. पाऊस असला की पावसाचे गळे, नसला की गच्चीवरच्या टाकीचे. संबंधितांपैकी ज्याच्या डोक्यावर ते पडे तो एकटाच होता. बाकीचे संबंधित कोरडे असल्यामुळे त्यांना या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहता येत होते.

टेबल सरकवायचे तर जागावाटप समितीची मंजुरी लागे. समितीची बैठक त्याच खोलीत भरे आणि छत गळत असल्यामुळे तहकूब होई. म्हणून हेडक्लार्क डाव्या हातात छत्री धरून उजव्या हाताने शिक्के मारत. शेजारी एक हिरवी प्लॅस्टिकची बादली असे. त्यांचे खरे नाव पगारपत्रक करणाऱ्यालाही आठवेनासे झाले होते. सगळे त्यांना छत्रीवाले म्हणत.

छत्रीवाल्यांची निवृत्ती वर्षावर आली होती आणि त्यांची इच्छा अगदी साधी होती. जाण्यापूर्वी एकदा तरी दोन्ही हात मोकळे ठेवून, कोरड्या खुर्चीत, न शिंकता काम करावे. घरूनही दबाव होताच.

“अहो, लग्न झाल्यापासून तुमचं नाक कोरडं पाहिलेलं नाही मी,” त्यांची बायको म्हणे. “फोटोतसुद्धा रुमाल आहे.”

अशात नगरभवनाला ऐतिहासिक वारसा वास्तूचा दर्जा द्यायचे ठरले आणि पाहणीसाठी वारसा समितीच्या तज्ज्ञ मॅडम आल्या. देवच पावला, असे छत्रीवाल्यांना वाटले. तक्रार कशी करावी हे त्यांना तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीने शिकवले होते. त्या कचेरीत ताज्या तक्रारीला आगाऊपणा समजत. तक्रार जुनी असेल तरच साहेब मान वर करून बघत. त्यामुळे प्रत्येक जण आपली तक्रार दहा-वीस वर्षांनी वाढवूनच सांगे, आणि ऐकणारा तेवढी वर्षे वजा करूनच ऐके. मॅडम बाहेरच्या होत्या. त्यांना वजाबाकी ठाऊक नव्हती.

“मॅडम, ही गळती आजकालची नाही,” छत्रीवाले छत्री सावरत म्हणाले. “इमारत बांधली तेव्हापासूनची आहे. पहिल्या नगराध्यक्षांच्या टकलावरसुद्धा पडलीय.”

खरे तर ते नोकरीला लागले त्यानंतरच्या वर्षी ती सुरू झाली होती. पण मॅडमचे डोळे पाणावले.

“म्हणजे ही मूळ गळती आहे?”

“अगदी मूळ.”

“मधे कुणी दुरुस्त-बिरुस्त नाही ना केली?”

“छे हो! हातसुद्धा लावला नाही कुणी,” छत्रीवाले कळवळून म्हणाले. इतक्या वर्षांचे सगळे दुःख त्या वाक्यात उतरले होते.

आठवडाभरात टेबलाभोवती लाल दोरी लागली आणि भिंतीवर पितळी पाटी बसली: ‘मूळ गळती. कृपया दुरुस्त करू नये.’ प्लॅस्टिकची बादली कालविसंगत ठरून तिच्या जागी पितळी बादली आली. तिच्यात थेंब पडला की ‘टण्’ असा आवाज येई आणि छत्रीवाले दर वेळी दचकत. त्यांची घडीची छत्रीही काढून घेण्यात आली. त्या जागी लाकडी मुठीची, जुन्या घडणीची, चांगली दणकट छत्री देण्यात आली. ती पेलताना त्यांचा खांदा भरून येई.

ते तडक मुख्याधिकाऱ्यांकडे गेले.

“साहेब, मी खोटं बोललो. गळती माझ्या डोळ्यांदेखत सुरू झालीय.”

“हळू बोला!” साहेबांनी उठून दार लावले. “पाटी बसलीय.”

“पण साहेब, ती चुकीची आहे.”

“पितळेची आहे. तुम्ही पुढच्या वर्षी जाणार, पाटी राहणार. कार्यालयाने विश्वास कुणावर ठेवायचा, तुम्हीच सांगा.”

छत्रीवाल्यांना फक्त शिंक आली.

मग त्यांच्या बायकोने आपल्या धाकट्या भावाला बोलावले. तो छपरे दुरुस्त करण्यात वाकबगार होता. “भावोजी, तुम्ही घरी झोपा काढा,” तो म्हणाला, आणि रविवारी भर दुपारी गच्चीवर चढून त्याने भेग बुजवून टाकली.

सोमवारची ती सकाळ छत्रीवाले जन्मात विसरणार नव्हते. छत्री मिटलेली होती. डावा हात रिकामा होता. त्याचे काय करायचे हेच त्यांना कळेना. त्यांनी त्या हाताने कान खाजवला, टेबल वाजवले, मग दोन्ही हात वर करून खुशाल आळस दिला. त्यांना हसू आवरेना. खाजगीत सांगायचे तर थोडे रडूही आले.

तेवढ्यात पर्यटकांचा पहिला जथा आला.

“आता श्वास रोखून ऐका,” वाटाड्या म्हणाला.

सगळ्यांनी श्वास रोखला. थेंब पडेना. वाटाड्याने सोडा म्हटले नव्हते म्हणून कुणी श्वास सोडेना. शेवटी एक जाडजूड गृहस्थ जांभळे पडून दोरीवर कोसळले, तेव्हा कुठे बोभाटा झाला. गळती चोरीला गेली होती.

चौकशी नेमावी लागलीच नाही. मेहुण्याने सवयीप्रमाणे गच्चीच्या दारावर आपली जाहिरात चिकटवून ठेवली होती, ‘गळती कायमची बंद’, खाली फोन नंबर. त्याला धरून आणले. आता हा खडी फोडायला जाणार, या भीतीने छत्रीवाल्यांच्या तोंडचे पाणी पळाले. पण मॅडम समजूतदार निघाल्या. ज्याने बंद केली त्यालाच ती पूर्ववत सुरू करता येईल, असे त्यांचे तज्ज्ञ मत पडले. मेहुण्याची ‘गळती पुनर्स्थापना सल्लागार’ म्हणून नेमणूक झाली.

“रागावू नका, भावोजी,” तो खाली मान घालून म्हणाला. “बुजवली तेव्हा कुणी चहासुद्धा विचारला नाही. फोडायला गाडी पाठवलीय त्यांनी.”

त्याने मनापासून काम केले, पण थेंब काही जुन्या जागी पडेना. तो टेबलाच्या हातभर पलीकडे पडू लागला. छत्रीवाल्यांनी देवाचे आभार मानले. मॅडमनी वर बघितले, खाली बघितले आणि म्हणाल्या, “टेबल सरकवा.” जे टेबल सरकवण्याची मंजुरी इतक्या वर्षांत मिळाली नव्हती ते चार शिपायांनी चहापूर्वी सरकवले.

अखेर निवृत्तीचा दिवस उजाडला. निरोपाची भाषणे झाली. छत्रीवाल्यांनी डोळे पुसले, छत्री मिटली आणि ते दोरी ओलांडणार तोच मॅडमनी हात आडवा केला.

“तुम्हाला जाता येणार नाही. गळती, बादली, छत्री आणि खाली बसलेली व्यक्ती हा एकसंध संच आहे. एक वस्तू काढली तर वारसा भंगतो.”

“अहो मॅडम, मी माणूस आहे!”

“हो ना. तसं पाटीवर घालू आपण.”

आणि खरोखरच घातले. दुसऱ्या दिवशी बायको डबा घेऊन तिकिटाच्या रांगेतून आली. दालनात खाद्यपदार्थ नेण्यास मनाई असल्यामुळे रखवालदाराने डबा बाहेर ठेवून घेतला. ती दोरीपाशी उभी राहून हळूच म्हणाली, “अहो, जेवलात का?” प्रदर्शित वस्तूंशी बोलल्याबद्दल तिला समज देण्यात आली.

छत्रीवाले अजून तिथेच बसतात. नगरभवन पाहायला येणाऱ्यांची गर्दी वाढतेच आहे. गेल्या महिन्यात तुम्हीही सहकुटुंब येऊन गेलात. पुढे जागा मिळावी म्हणून तुम्ही थोडी धक्काबुक्कीही केली होती. छत्रीवाल्यांचा खांदा त्या दिवशी फारच दुखत होता. त्यांनी तुमच्याकडे बघून विचारले, “जरा छत्री धरता का हो? नाक पुसायचंय.”

तुम्ही पाटी वाचलीत. मुलांना दोन पावले मागे ओढलेत. मग दाराशी ठेवलेल्या अभिप्राय वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेत: “पुतळा हुबेहूब. अगदी जिवंत वाटतो.”