पिल्लांचं पौष्टिक

लष्कराच्या डुकरांच्या पिल्लांना हगवण लागली आणि वाल्मिक मुकादमाच्या घरी लाडू वळले जाऊ लागले.

युद्धाचे दिवस होते. गोऱ्या सोल्जरांच्या जेवणासाठी कशेळ्याजवळ एका ठेकेदाराने डुकरांचा वाडा उघडला होता. त्याची मुकादमी वाल्मिककडे होती. हा गृहस्थ डुकराची सावलीही अंगावर घेत नसे. वाड्याबाहेर खाटेवर बसून, नाकाला उपरणं लावून हुकूम सोडायचा आणि घरी जाताना नदीत बुडी मारायचा. आत घाणीत राबायची भागी, डोंगरवाडीची कातकरीण. तिची लहानगी लेक कोंडी तिथेच झोळीत पडून असे, कारण पिल्लांसारखीच हगवण तिलाही लागली होती. तिच्यासाठी मात्र कुणी डॉक्टर बोलावला नव्हता.

ढोरांचा डॉक्टर आला, पिल्लांची पोटं चाचपून गेला आणि त्याने डबे पाठवले. आत खमंग वासाची तपकिरी पूड होती. भाताच्या पेजेत कालवून रोज घालायची, म्हणजे आतड्यात ताकद येते.

मुकादमाने झाकण उघडून वास घेतला. रेशनच्या किडक्या तांदळावर जगणाऱ्या माणसाला तो सोसवेना. डबा अजून डुकरांच्या खाण्याच्या डोणीला लागला नव्हता, म्हणजे विटाळाचा प्रश्नच नव्हता. सोवळं असं सोयीचं असलं की पाळायला जड जात नाही.

भागीने डबा घरी निघालेला पाहिला.

"मुकादम, चिमूटभर द्या की. पोरीच्या पोटात काय ठरत नाय."

"सरकारी हाय ते. जनावराचं! मानसाला द्यायची परवानगी नाय."

"मंग तुमी नेताव ते?"

"तू मला इचारनार? काम कर गं!"

मुकादमाच्या बायकोने, विमलबाईने, त्या पुडीत गूळ घालून लाडू केले. मुकादमाची पोरं गुबगुबीत झाली. हळदीकुंकवाला आळीतल्या सगळ्या बायकांनी लाडू खाल्ले आणि कृती विचारली. पिल्लं नुसती पेज पिऊन हगत राहिली आणि डॉक्टर बिचारा आणखी डबे पाठवत राहिला.

शेवटी तो स्वतः आला. "पूड नीट घालताय ना?"

"एक कन वाया जात नाय, साहेब."

"जाऊन चालणारच नाही. जव आणि दुधाची भुकटी कुठेही मिळेल. खरी ताकद डुकराच्या काळजाची. वाळवून, भाजून, दळून घालतात त्यात."

मुकादम नदीकडे धावला तो पोटातलं सगळं ओकूनच परतला. बोंब मारायचीही सोय नव्हती. अख्ख्या आळीने बोटं चाटली होती. संध्याकाळी त्याने लाडवांचा डबा आणून लांबूनच भागीपुढे ढकलला.

"घे, पोरीला घाल. आन कुठं बोलू नको."

"जनावराचं हाय ना, मुकादम?"

"घे म्हनतो ना!"

भागीने घेतला. पोटात आग असताना काळीज कुणाचं, हे विचारायची चैन तिला परवडणारी नव्हती. लाडवाचा चुरा खाऊन कोंडी उठून बसली, मग झोळीचा दोर धरून उभी राहिली.

संशय आलेला डॉक्टर आता स्वतः उभा राहून डोणीत पूड कालवायला लावत होता. पिल्लं तरतरीत झाली. तो खूश झाला.

"झाली बरी. आता डबे बंद."

कोंडी लाडवांच्या रिकाम्या डब्याचा तळ बोटाने पुसत होती. आजवर साहेबापुढे तोंड न उघडलेली भागी पदर सावरून पुढे आली.

"साहेब, पिल्लांना परत हगवन कवा लागंल?"