धर्मपित्याचा प्रतिनिधी

खासदार लिआंद्रोस कासिमातिस मासेमारी विधेयकाच्या चौथ्या कलमाशी झुंजत होते, तोच एव्हान्थियाबाई बेटावरच्या त्यांच्या कचेरीत घुसल्या.

"ते कलम राहू द्या, कुंबारे! रविवारी माझ्या रोदान्थीचं लग्न, आणि पाद्रीबाबा लावायला नाही म्हणतात."

"का?"

"तुमच्यामुळे!"

साहेबांनी मतदारसंघात धर्मपिता म्हणून दोनशे बाप्तिस्मे केले होते. शहाणा धर्मपिता एक तर फक्त मुलगे घेतो, नाहीतर फक्त मुली. कारण एकाच धर्मपित्याची लेकरं भावंडं ठरतात, त्यांचं लग्न लागत नाही. पण मतदाराने पुढे केलेलं मूल नाकारायची साहेबांची छाती नव्हती. रोदान्थी त्यांची धर्मकन्या, म्हणून तर एव्हान्थियाबाई त्यांना ‘कुंबारे’ म्हणत; आणि पलीकडच्या गावचा नवरामुलगा मिरोनही त्यांचाच धर्मपुत्र.

"बाई, मी राष्ट्राचा प्रतिनिधी आहे. एकदा निवडून दिलंत की हात माझा, डोकं माझं. मी कुणाचा निरोप्या नाही."

"असं? घरात अकरा मतं आहेत आमच्या. बिशपना फोन लावा!"

साहेबांनी निमूटपणे लावला. बिशपनी नियम ऐकवून फोन ठेवून दिला. एव्हान्थियाबाईंनी पदर नसल्यामुळे बाहीलाच डोळे पुसले. पोर तीन दिवस जेवली नव्हती.

दाराशी उभा असलेला चालक पांताझीस खाकरला. "साहेब, मिरोनच्या बाप्तिस्म्याला तुम्ही नव्हता. संसदेत मतदान होतं, म्हणून मला धाडलंत. धर्मपित्याने चोळायचं तेल मी चोळलं. पोराने माझा कोट भिजवला."

साहेब चपापले. मिरोनच्या आईने गावभर साहेबांचंच नाव मिरवलं होतं. चालकाचं सांगून काय मिरवणार? आणि आता कबूल करायची तिला लाज.

"अरे, तू माझ्या वतीने गेलास! म्हणजे धर्मपिता मीच."

"अस्सं?" एव्हान्थियाबाईंचे डोळे एकदम कोरडे झाले. "आत्ताच म्हणालात ना, पाठवलं की हात त्याचा, डोकं त्याचं? मग तेलाचे हात पांताझीसचेच!"

साहेबांनी पाद्रीबाबांना फोन लावला. पाद्रीबाबांनाही हा हिशेब पटला.

रविवारी नवऱ्यामुलाच्या धर्मपित्याच्या मानाने वधूवरांच्या डोक्यावरच्या मुकुटांची अदलाबदल पांताझीसने केली. नंतर चार पेले जास्त झाल्याने तो मागच्या सीटवर पसरला. गाडी साहेबांनी चालवली.

नव्या धर्मपित्याची बातमी गाडीच्या आधी पोचली होती; वाटेत गावोगाव लोक थांबवत होते आणि पुढे कोण आहे हे न बघता मागची काच ठोठावत होते.

"कुंबारे, धक्क्याच्या दिव्याचं जरा तुमच्या साहेबांच्या कानावर घाला!"

"बघतो," पांताझीस डोळे न उघडता म्हणाला.

साहेबांनी गिअर टाकला.