पूर्वधारक मिळून आले नाहीत

ज्याची जमीन घेतली त्याला ती विकण्यापूर्वी एकदा कळवावं, यापेक्षा सभ्य नियम शासनाने आजवर केलेला नाही. रेल्वेसाठी जमीन घेतली आणि रेल्वे आलीच नाही, तर जमीन शिल्लक राहते. ती परत विकत घेण्याचा पहिला हक्क जुन्या मालकाचा. नोटिशीपासून तीस दिवसांत त्याने मागितली तर त्याला, नाहीतर लिलाव.

हा मालक शोधण्यासाठी जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या माडीवर आमचा 'पूर्वधारक शोध कक्ष' आहे. (जिना दुकानातूनच आहे. चपला खाली काढाव्या लागतात.) मी तिथला अव्वल कारकून. गेल्या सात वर्षांत कक्षाने चारशे बारा पूर्वधारकांचा कसून शोध घेतला. त्यांपैकी चारशे बारा मिळून आले नाहीत. कामातलं असं सातत्य जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या कार्यालयाने दाखवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आमची पद्धत साधी आहे. नोटीस संपादनाच्या वेळी नोंदलेल्या पत्त्यावरच पाठवायची. त्या पत्त्यावरचं घर आपणच संपादित करून पाडलेलं असतं, त्यामुळे तिथे आता बाभळी असतात. पोस्टमन नोटीस परत आणतो. मग आमचा शिपाई गजानन जीपने जातो आणि दोन पंचांसमक्ष ती जागेवर डकवून येतो. उन्हात उभं राहून लिहिताना अक्षर बिघडतं, म्हणून पंचनामा आम्ही आदल्या दिवशी पंख्याखाली लिहून ठेवतो. 'सदर पत्त्यावर शोध घेतला असता पूर्वधारक मिळून आले नाहीत.' रिकामी जागा सोडायची ती फक्त पंचांच्या नावांपुरती.

घनसावंगीकडच्या एका गावात छत्तीस वर्षांपूर्वी मालधक्क्यासाठी कमरोद्दीन नावाच्या शेतकऱ्याची चार एकर जमीन घेतली होती. पुढे रेल्वेने विचार बदलला. कमरोद्दीन वारला. त्याची बायको सरदारबी रस्त्याच्या पलीकडे पत्र्याच्या घरात राहते, आणि त्या जमिनीत नवराबायकोने मिळून खणलेल्या विहिरीचं पाणी अजून भरते. (विहीर आता शासकीय असल्याने तिच्यावर कारवाई का करू नये, अशी वेगळी नोटीस विचाराधीन आहे. ती मात्र तिच्या राहत्या पत्त्यावर जाणार आहे.)

गजानन नोटीस घेऊन गेला, तेव्हा जागेवर दोनच माणसं होती. एक प्रितमशेठ, आमच्या लिलावातले नेहमीचे खरेदीदार. ते योगायोगाने टेप घेऊन तीच जमीन मोजत होते. दुसरी सरदारबी, हंडा घेऊन आलेली. पंच दोनच लागतात. गजाननने पुढचं मला जसं सांगितलं तसं देतो.

"मावशी, हितं अंगठा द्या. जल्दी करा, आजून दोन गावं राह्यलीत."

"काय लिव्हलंय त्याच्यात?"

"जमिनीचं कोणी हितं सापडलं न्हाई म्हणून."

"मी हाय ना पण. माझीच तं जमीन व्हती."

"तुम्ही पंच हायेत मावशी. पंचाला धरत न्हाईत."

गजाननचा नाइलाज होता. पंचनामा आदल्या दिवशीचा; त्यात ती सापडली असं घालायचं तर खाडाखोड झाली असती. सरदारबीने अंगठा दिला, वर दोघांना पाणीही दिलं. गजाननने नोटीस विहिरीच्या कठड्याला डकवली.

आठवड्याने सरदारबीची नात नाजिया कॉलेजातून आली आणि तिने नोटीस वाचली. हा प्रकार आमच्याकडे पहिल्यांदाच घडला. दुसऱ्या दिवशी दोघी चपला काढून माडीवर हजर.

"साहेब, सापडले ना मी आता," सरदारबी म्हणाली. "आमची हीर आम्हाला द्या. बाकी रान न्हाई दिलं तरी चालंन."

मी फाईल काढून तिला तिचाच अंगठा दाखवला. ती सापडलेली नाही, अशी तिने स्वतः साक्ष दिलेली आहे. ती साक्ष खोटी असेल तर गुन्हा होतो. खरी असेल तर समोर उभ्या असलेल्या बाईचा या फाईलशी संबंध नाही. तिने आपला अंगठा कागदावरच्या अंगठ्याशेजारी धरून बघितला. मला वाईट वाटलं. (वाईट वाटायला मनाई नाही, ते टिपणीत घेता येत नाही एवढंच.)

आमच्या कक्षप्रमुख निवेदिता मॅडम मनाने फार चांगल्या. त्यांनी नियम धुंडाळून मार्ग काढला. 'मिळून आल्याचा पंचनामा'. पूर्वधारकाला ओळखणारे, नात्यात नसलेले दोन पंच मुदतीत कार्यालयात आणावेत. नाजिया नात्यातली, म्हणून बाद. मी आणि गजानन कर्मचारी, म्हणून बाद. शेजारच्या दुर्गाबाई एसटीने येऊन अंगठा देऊन गेल्या. राहिला एक पंच.

सरदारबी गावात एकतीस जणांकडे जाऊन आली. सगळे म्हणाले की तिच्यावर अन्याय झाला. त्यांतल्या नऊ जणांनी चहा पाजला, चौघांनी सरकारला शिव्या दिल्या, एकाने तिचा फोटो मोबाइलवर टाकला आणि त्याखाली दोनशे सहा लोकांनी हळहळ व्यक्त केली. जालन्याला यायला मात्र कुणाला सवड नव्हती. मुदत येत्या सोमवारी पावणेसहाला संपते. प्रितमशेठ टेप घेऊन तयार आहेत.

म्हणून मी हे लिहिलं. आपण इथवर वाचलंत, म्हणजे सरदारबीला आपण ओळखता. ती कोण, विहीर कुणी खणली, सगळं आपल्याला माहीत आहे. आपण तिच्या नात्यात नाही. नियमाप्रमाणे आपण उत्तम पंच आहात. पत्ता वर दिला आहेच. सही करायला दोन मिनिटं लागतात. सरदारबी सोमवारी सकाळपासून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसणार आहे, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडे ते तुम्ही असाल म्हणून बघणार आहे.

आपल्याला वाईट वाटलं असणार, याची मला खात्री आहे. तरी आमच्या पद्धतीप्रमाणे सोमवारचा पंचनामा मी आजच पंख्याखाली बसून लिहून ठेवला आहे. 'वाचकांचा शोध घेतला असता ते मिळून आले नाहीत.'

खाडाखोड करावी लागेल असं वाटत नाही.