ओव्हाळकाकांचा चाकू परत करा

मागच्या मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर, यशवंत ओव्हाळ, वय वर्षे एकाहत्तर, यांच्या हातातला घडीचा चाकू काढून घेण्यात आला. काढून घेणारे वॉचमन रामदासभाऊ. हुकूम सेक्रेटरी निंबाळकरांचा. आणि हुकमाला आधार म्हणून गेटवरचं जे पत्रक दाखवलं गेलं, ते मी लिहिलेलं. तेव्हा दोषींची यादी करायची तर माझं नाव वगळू नका.

पत्रकाचं आधी सांगते. पलीकडच्या गल्लीत काही पोरांनी कोयते नाचवत गाड्यांच्या काचा फोडल्या, त्यानंतर मी ते लिहिलं. ‘धारदार वस्तू घेऊन बसलेला कुणीही असो, गप्प राहू नका!’ त्यातल्या ‘कुणीही असो’चा मला फार अभिमान होता. कोयतेवाल्यांपैकी एकानेही ते वाचलं नाही. वाचलं निंबाळकरांनी.

चाकू घेतला जात असताना काकांनी काय केलं? आरडाओरडा नाही, धमकी नाही. रामदासभाऊ उघडा चाकू दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखा धरून उभे होते. काका म्हणाले, “अहो, असा धरू नका. कापेल. आधी मिटायला शिका.” मग पाच मिनिटं त्यांनी स्वतःचाच चाकू जप्त करणाऱ्या माणसाला तो कसा मिटायचा ते शिकवलं. तिसऱ्या खेपेला बरोबर ‘टक्’ आवाज आला तेव्हा म्हणाले, “हां. आता न्या.”

असा हा माणूस.

काका भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण जगाची तपासणी थांबलेली नाही. कुठल्याही वस्तूत जराशी हालचाल, ढिलेपणा जाणवला की ते म्हणतात, “प्ले आहे.” लिफ्टच्या दारात प्ले आहे. चष्म्याच्या दांडीत प्ले आहे. लग्नाला जाऊन आले की नवरा-नवरीबद्दल विचारलं तर म्हणतात, “पाटाच्या पायात प्ले होता.” एकदा मी मोर्चासाठी केलेला फलक त्यांना दाखवला. त्यांनी मजकूर वाचलाच नाही. काठी हलवून बघितली आणि म्हणाले, “पत्रकबाई, घोषणा नंतर. आधी खिळा बदला.”

रोज सकाळी दहाला ते गेटजवळच्या बाकावर येऊन बसत, कारण तिथे ऊन चांगलं येतं. मांडीवर फडकं, फडक्यावर चाकू, एक बारीक कानस आणि तेलाची कुपी. चाकू उघडायचा, मिटायचा, कानाशी धरायचा. पुन्हा उघडायचा. पन्नास वेळा तरी. मधेच कानस एकदा, फक्त एकदा, फिरवायची. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मलाही वाटायचं. एक दिवस मी शेजारी बसले.

“कान लावा,” ते म्हणाले.

टक्.

“काय ऐकलंत?”

“टक्.”

“टक् नुसतं नाही. एकच टक्. दोन आवाज आले असते, तर पातं आधी एका बाजूला घासलं आणि मग बसलं, असं झालं असतं. आता पाठीवरून नख फिरवा. कुठे अडकलं तर मला शिव्या घाला.”

चाकू त्यांनी माझ्या हातात दिला नाही. बाकावर ठेवला, मग मी उचलला. मी लगेच म्हटलं, “काका, तुम्हीसुद्धा? हातात चाकू दिला की भांडण होतं म्हणून?”

“जय भीम म्हणणाऱ्या माणसाला हे विचारता? हातातून हातात देताना बोटं जातात. माझ्या खात्यात दोघांची गेली होती.”

मी नख फिरवलं. शिसमाचं लाकूड, मग पितळ, मग पोलाद, मग पुन्हा पितळ, पुन्हा लाकूड. चार ठिकाणी जोड, आणि नखाला एकही कळला नाही. खिळा कुठे आहे तेही दिसेना. ठोकून, घासून त्यांनी तो पितळातच मिसळून टाकला होता. पातं मोठ्या मशीनवरच्या तुटलेल्या करवतीतून काढलेलं. मिटल्यावर ते दोन्ही बाजूंपासून सारखं दूर, अगदी मधोमध. हा चाकू करायला त्यांना दीड वर्ष लागलं होतं. मी पत्रकं एका दुपारी लिहून काढते. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची थोडी लाज वाटली.

पण एक गोष्ट खटकली. पातं अंगठ्याने उघडायला एक बारीक खुंटी होती, ती विरुद्ध बाजूला. माझा अंगठा तिथे पोचेना. मूठही हातात बसेना, सगळे उंचवटे चुकीच्या जागी.

“काका, हे उलटं झालंय.”

“तुमच्यासाठी उलटं,” ते म्हणाले आणि चाकू उचलून पुन्हा कानस फिरवू लागले. “उघडताना लोण्यासारखा पाहिजे. पण उघडला की हट्टी पाहिजे, बोटावर मिटला नाही पाहिजे. ह्या दोन गोष्टींचं आपसात पटत नाही. म्हणून रोज केसाएवढं.”

कुणासाठी, ते मी विचारलं नाही. मी अन्याय शोधत फिरते. शेजाऱ्याला प्रश्न विचारायचं राहून जातं.

जप्तीनंतर तिसऱ्या दिवशी मी निषेधाच्या पत्रावर काकांची सही घ्यायला त्यांच्या घरी गेले. खरं तर माफी मागायला. पण तशी सवय नसल्यामुळे पत्र सोबत नेलं. दार काकांनी उघडलं. आत खिडकीशी व्हीलचेअरवर शकुंतलाकाकू बसल्या होत्या. त्यांना पॅरालिसिस होऊन गेला हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर त्या खाली उतरल्या नाहीत, हेही माहीत आहे. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. समोर छोट्या टेबलावर एक फळी, फळीतून तीन खिळे वर आलेले. खिळ्यांवर पेरू रोवलेला, अख्खा.

“ही का ती ‘कुणीही असो’वाली?” काकूंनी विचारलं.

मी उभीच राहिले.

“बस. खुर्चीत प्ले नाही, ह्यांनी बघितलीय.”

काका म्हणाले, “शकू, मी देतो ना पेरू कापून.”

“नको.”

“तीन दिवस झाले.”

“मग चौथा होऊ दे.” काकू माझ्याकडे वळल्या. “झटका आल्यापासून मी सगळं मागते. पाणी द्या, कंगवा द्या, खिडकी लावा. हे देतात हो, तोंड वाकडं न करता देतात. पण मागावं लागतं ना! उघडी सुरी मांडीवर ठेवता येत नाही, हात थरथरतो. म्हणून ह्यांनी तो केला. खिशात राहायचा. वाटेल तेव्हा काढायचा, डाव्या अंगठ्याने उघडायचा, पेरू खायचा. कुणाला काही विचारायचं नाही. दहाच्या सुमाराला तेवढा ह्यांना द्यायचे, तपासायला.”

“मग काका, तुम्ही निंबाळकरांना हे सांगितलं का नाही?”

काकांनी काकूंकडे बोट केलं. “हिने बजावलंय. माझ्या हाताची जाहिरात करायची नाही म्हणून.”

“पण आता सांग,” काकू मला म्हणाल्या. “लिही. फक्त ‘बिचारी’ लिहायचं नाही.”

लिहिलेलं नाही, काकू.

मी निंबाळकरांकडे जाऊन हे सगळं सांगितलं. चाकू त्यांच्या ड्रॉवरमध्ये पाकिटात आहे, पाकिटावर ‘आक्षेपार्ह वस्तू’. ते म्हणाले, “अहो, तुमचंच पत्रक आहे. एकाला सूट दिली की झालं. आणि ऑनलाइन हजार चाकू मिळतात, त्यांना म्हणावं दुसरा मागवा.” मिळतात. काकूंच्या डाव्या तळव्यावर मेण दाबून घेतलेल्या मापाचा एकही मिळत नाही. आता विषय रविवारी सकाळी दहाच्या सभेत ‘बहुमताने’ ठरणार आहे.

काका अजूनही दहाला बाकावर येतात. घरी बसलं की काकू तो अख्खा पेरू समोर ठेवतात, म्हणून असेल. मांडीवर फडकं असतं, बाकी काही नसतं. काल मी लांबून बघितलं. त्यांचा डावा अंगठा हवेतच पुढे सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता. काका उजव्या हाताचे आहेत. काकूंच्या अंगठ्याला किती जोर लागेल, ते अजून आजमावत होते.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, माझं पत्रक तुमच्या गेटवर असेल तर आज फाडा. आणि आमच्या सोसायटीचे सभासद असाल तर शनिवारचा पूर्ण दिवस उजवा हात पाठीशी ठेवा. जे जमणार नाही ते घरच्यांकडे मागा. प्रत्येक वेळी, तोंडाने, “जरा देता का” म्हणून. संध्याकाळपर्यंत कसं वाटतं ते बघा. मग रविवारी सभेला या, आणि चाकू परत द्यायचा का असं निंबाळकरांनी विचारलं की डावा हात वर करा.