खाचेचा पैसा

सोलापुरातला मार्शल लॉ उठला, त्याच्या पुढच्या साली चनबसप्पानं जुनी नाणी जमवायचं मनावर घेतलं. आयुष्यभर माग चालवून गुडघे गेलेले, डोळ्यांपुढं धुकं, अक्षराशी ओळख नाही. अशा माणसानं खरं तर तंबाखू चोळत बसावं. पण मंगळवारच्या बाजारात बंदेनवाज भंगारवाल्यानं त्याच्या तळहातावर तांब्याचे दोन पैसे ठेवले, आणि म्हातारा गुडघे विसरून तिथंच उकिडवा बसला.

"ह्यो तराजूचा, इंग्रजांच्या कंपनीचा," बंदेनवाज म्हणाला. "आन ह्यो वलंदेजांच्या, म्हंजे डच लोकांच्या कंपनीचा. दोघी समुद्रात जहाजं बुडवूस्तोवर भांडल्या, चाचा. मिरी-लवंगापायी."

"मिरीपायी?" चनबसप्पा म्हणाला. "मिरी तर वाण्याकडं मिळती की."

वलंदेजाच्या पैशावर अक्षरं अशी एकात एक गुंतलेली, जणू एका खुंट्याला तीन म्हशी. चनबसप्पानं दोन्ही घेतले. समुद्रात ज्यांचं पटलं नाही ते आता आपल्या पिशवीत नांदतील, ह्या विचारानं त्याला बरं वाटलं. (घरात आपलं कितपत पटतं, हा विचार काही त्याला शिवला नाही.)

घरी येऊन त्यानं बायकोला, नागव्वाला, सगळी लढाई सांगितली, तोफांच्या आवाजासकट. नागव्वा भाकरी थापत ऐकत होती. तिच्या मनात एवढंच रुतलं, की दोन भांडखोर आता एका पिशवीत आहेत. जेवताना आमटीतल्या मिठावरून नवराबायकोचं वाजलं आणि तिची खात्री पटली.

इंग्रजाचा पैसा तिनं राहू दिला. तो सगळ्या मुलखातच घुसलाय, त्याला एका घरातून काढून काय होणार? वलंदेजाला मात्र वाट दाखवायची. आधी, सोनं असलं तर काय घ्या, म्हणून तिनं अडकित्त्यानं त्याच्या कडेला खाच पाडून पाहिली. तांबंच निघालं. मग सोमवारी सकाळी गल्लीतल्या महादेवाच्या आरतीच्या ताटात तिनं तो घातला. बाजारात न चालणारा पैसा देवाला चालवायचा, हा रिवाज काही तिनं काढलेला नाही. पिशवी रिकामी लागू नये म्हणून तिनं आत एक चिंचोका टाकला.

असल्या पैशांना पुजारी ईरप्पा कंटाळला होता. तो चनबसप्पाला म्हणाला, "एक चालता आणा द्या आन असला एक पैसा न्या की." त्याच संध्याकाळी पहिला मिळाला तो गुंतल्या अक्षरांचा. चनबसप्पानं बोटानं चाचपला. कडेला खाच. बंदेनवाजच्या पैशाला खाच नव्हती, म्हणजे हा दुसरा. पिशवीचं तोंड किलकिलं करून त्यानं तो आत सोडला.

पुढच्या सोमवारी आणखी एक. तोही खाचेचा. त्याच्या पुढच्या सोमवारीही.

न शिकलेल्या माणसाला विचार करायला सवड फार. चनबसप्पानं पावसाळाभर विचार केला आणि कट्ट्यावर सांगून टाकलं, "वलंदेज सोलापुरात आलते. हितं त्यांची वखार होती. खाच ही वखारीची खूण."

"कशापायी आलते?" कुणीतरी विचारलं.

"चादरीपायी. जहाजावर थंडी वाजत न्हाय व्हय?"

चनबसप्पाच्या बोलण्यावर कुणी हसलं नाही, असं जन्मात पहिल्यांदा घडत होतं. त्या दिवशी तो काठी न टेकता घरी गेला.

बंदेनवाज म्हणाला होता, "रविवारी समदे पैसे दाखवा, चाचा. मग बाजारभर मीच सांगतो."

इकडं नागव्वा खंगत चाललेली. सोमवारी पैसा देवाला द्यावा, मंगळवारी तो पिशवीत परत हजर. देवच घेत नाही म्हटल्यावर माणसानं करायचं काय? तिनं सोमवार धरले, मग शनिवारही धरले. उपाशीपोटी तिचा आवाज चढायचा, तसा चनबसप्पाचाही चढायचा, आणि वलंदेजावरचा तिचा संशय आणखी घट्ट व्हायचा.

रविवारी सगळा कट्टा ओसरीवर आला. चनबसप्पानं नाडी सोडली आणि पिशवी घोंगड्यावर उपडी केली. चिंचोके घरंगळले, पुष्कळ चिंचोके. त्यांच्यामागून तराजूचा एक पैसा आणि खाचेचा एक.

चनबसप्पा एकेक चिंचोका डोळ्यांपाशी नेऊन पाहू लागला, न जाणो अक्षरं असली तर.

"ही खाच कुणाची?" बंदेनवाजनं विचारलं.

"माजी," नागव्वा दारातून म्हणाली. "सोनं हाय का बघाया पाडली. दर सोमवारी देवाला देती ह्यो पैसा, पर देव घेतच न्हाय."

चनबसप्पानं हातातला चिंचोका खाली ठेवला. "तू देतीस," तो सावकाश म्हणाला, "आन मी आणा मोजून परत आणतोय."

बंदेनवाजनं खाचेवरून अंगठा फिरवला. "तुमचं चुकलं न्हाय, चाचा. वलंदेज सोलापुरात आलता. तुमच्या घरापास्नं देवळापातूर."

कट्टा हसत हसत पांगला. ओसरीवर दोघंच उरली.

"रागावलासा?" नागव्वानं विचारलं.

"त्यास्नी भांडाया समुद्र लागला," चनबसप्पा म्हणाला. "आपल्याला एक पिशवी पुरली. आज उपास न्हाय न्हवं? मग वाढ. दोगंबी जेवू."

आमटीत मीठ जास्तच होतं. त्यानं आणखी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, खाचेचा पैसा देवाला द्यायला तो स्वतः गेला. ताटात घातला, डोळे मिटले, लांबलचक नमस्कार केला. डोळे उघडले तर पुढ्यात ईरप्पा.

"नशीबवान हायसा बगा," ईरप्पा म्हणाला. "आजबी एक आलाय. खाचेचा."

सगळं सांगून टाकावं म्हणून चनबसप्पानं तोंड उघडलं. पण मागं गर्दी, पुढं ईरप्पाचा पसरलेला हात, आणि इतक्या सोमवारांची सवय. त्यानं आणा मोजला.

घरी नागव्वा दारातच उभी होती. "दिलासा?"

"दिला."

"आन मुठीत काय हाय?"

"चिंचोका," चनबसप्पा म्हणाला.